कोळशाच्या ढिगाखालचे आकाश

१९१७च्या एप्रिल महिन्यात फ्रान्समधल्या शाम्पान्य प्रांतात घनघोर लढाई चालू असताना एका हस्तलिखिताची प्रत सुरक्षिततेसाठी आघाडीवरून मागे धाडण्यात आली आणि त्या धांदलीत ती नाहीशी झाली. काही महिन्यांनी ती सापडली, ती कोळशाच्या एका ढिगाखाली. हस्तलिखित होते आकाशाविषयीचे. वारा, दाब, तापमान आणि आर्द्रता यांची या घटकेची स्थिती ठाऊक असेल, तर पुढच्या घटकेची स्थिती निव्वळ गणिताने काढता येईल का, हा त्याचा विषय. ते लिहिणारा लुईस फ्राय रिचर्डसन हा इंग्रज गणिती क्वेकर होता, शस्त्र हाती धरायचे नाही या श्रद्धेत वाढलेला. म्हणून तो युद्धात गेला तो रुग्णवाहिका चालवायला. जखमींना वाहून नेण्याच्या फेऱ्यांमधून जो वेळ उरे त्यात, थंड मुक्कामी, गवताच्या ढिगावर बसून तो आकडेमोड करी. मध्य युरोपावरच्या हवेचे त्याने चौकोन पाडले, २० मे १९१० या एका जुन्या सकाळची निरीक्षणे घेतली, आणि त्यानंतरच्या ६ तासांत काय घडले असेल ते हाताने मांडायला त्याला जवळपास ६ आठवडे लागले. उत्तर साफ चुकले. दाब १४५ मिलिबारांनी वाढेल असे गणित सांगत होते. प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाही नव्हता. १९२२ साली रिचर्डसनने ते चुकलेले उत्तर काहीही न झाकता ग्रंथात छापले. आज पृथ्वी किती तापेल हे सांगणारी जी अवाढव्य संगणकीय प्रारूपे आहेत, हवेचे चौकोन पाडून पावलापावलाने पुढे जाणारी, त्यांचा उगम त्या ग्रंथात आहे.

कोळशाच्या खाली दडपलेले आणि कोळसा उपसल्यावर हाती आलेले ते आकाशाचे गणित, ही प्रतिमा कुणा कवीला सुचली असती तर मी ती फार योजलेली म्हणून बाजूला ठेवली असती. पण इतिहासाला योजनेचा संकोच नसतो. क्वेकरांनी हवामानबदलाच्या प्रश्नावर गेली काही दशके जे मूक आणि चिवट काम चालवले आहे त्याविषयी वाचताना मला पुन्हा पुन्हा जाणवत राहिले की या एवढ्याशा समाजाचे या प्रश्नाशी असलेले नाते इतर कुणाहून अधिक जुने, अधिक गुंतलेले आहे. ते कोळशाच्या बाजूलाही उभे आहेत आणि आकाशाच्या बाजूलाही. संख्येने पाहावे तर जगभरात सुमारे ४ लाख माणसे. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहरात मावतील एवढी.

सतराव्या शतकाच्या मध्यावर, इंग्लंड यादवीने होरपळलेले असताना, जॉर्ज फॉक्स नावाचा एक अस्वस्थ तरुण गावोगाव भटकत होता. १६५२ साली लँकाशायरमधल्या पेंडल टेकडीवर त्याला एका महान समुदायाचे दर्शन घडले, आणि तिथून ज्या पंथाला आकार येत गेला त्याने धर्मातले जवळजवळ सगळे बाह्य सामान टाकून दिले. धर्मगुरू नको, वेदी नको, ठरलेली प्रार्थना नको, शपथ नको. प्रत्येक माणसाच्या अंतर्यामी ईश्वराचा अंश आहे आणि पुरेसे शांत बसले तर त्याचा उजेड दिसतो, एवढी एकच श्रद्धा उरली. ते स्वतःला फ्रेंड्स म्हणवतात. त्यांच्या अनेक सभागृहांत आजही बाके चौकोनात मांडलेली असतात, मधल्या मेजावर एखादे पुस्तक आणि थोडी फुले असतात, आणि माणसे येऊन गप्प बसतात. कुणाला आतून बोलल्यावाचून राहवेना तर तो उठतो, चार वाक्ये बोलतो, बसतो. त्यावर कुणी प्रत्युत्तर देत नाही, ती वाक्ये शांततेत जिरू देतात. तासाभराने दोघे ज्येष्ठ हस्तांदोलन करतात आणि उपासना संपते. मौनाची थोरवी आपल्या परंपरेला नवी नाही. पण आपले मौन बहुधा एकट्याचे असते, गुहेतले, नदीकाठचे. क्वेकरांनी मौन हे सामुदायिक कर्म केले, आणि याहून विलक्षण म्हणजे कारभाराची रीत केले.

ती रीत जवळून पाहण्यासारखी आहे. व्यवहाराच्या सभेतही मतदान होत नाही, हात वर होत नाहीत, बहुमत नावाची वस्तूच तिथे नाही. एक कार्यवाह असतो, तो प्रश्न मांडतो. माणसे मधे मधे विराम ठेवत बोलतात, आधीच्याचे बोलणे खोडायला उठत नाहीत. कार्यवाह ऐकत राहतो, आणि सभेचा कल कुठे स्थिरावतो आहे असे त्याला वाटले की तिथेच, सगळ्यांसमोर, इतिवृत्ताचा मसुदा लिहायला घेतो. तो लिहीत असेतो सारे गप्प बसतात. मग तो वाचून दाखवतो. एखादा शब्द कुणाला बोचला तर तो बदलतात, पुन्हा वाचतात. सगळ्यांना मान्य झाला तरच ठराव झाला. कुणा एकाचे मन घेत नसेल तर प्रश्न पुढच्या सभेवर, कधी पुढच्या वर्षावर, कधी पुढच्या पिढीवर जातो. गतीच्या आपल्या कल्पनेला ही पद्धत असह्य वाटेल. परंतु तिच्या मुळाशी एक गंभीर अट आहे, की एकट्या माणसाचा नकार हा अडथळा म्हणून मोजण्याआधी तो कदाचित सत्य असेल या शक्यतेने ऐकला पाहिजे. या अटीपाशी मी या निबंधात पुन्हा येणार आहे, कारण मला वाटते की हवामानाच्या प्रश्नाची सारी नैतिक कळ तिच्यातच आहे.

आता कोळशाविषयी. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांची दारे या माणसांना बंद होती, शपथ घेत नसल्यामुळे सरकारी पदेही बंद होती. उरला व्यापार आणि कारागिरी. तिथे त्यांचा शब्द आणि त्यांचा एकच ठरलेला भाव यांची इतकी ख्याती झाली की लोक लहान मूलही निर्धास्तपणे त्यांच्या दुकानात पाठवत. अशांपैकी अब्राहम डार्बी याने १७०९ साली इंग्लंडमधल्या कोलब्रुकडेल येथे लोणारी कोळशाऐवजी दगडी कोळशापासून केलेला कोक वापरून लोखंड गाळले. त्याचे ध्येय साम्राज्य नव्हते. त्याला गरिबाच्या चुलीवर परवडतील अशी बिडाची भांडी ओतायची होती. आणि त्या काळी, जळणासाठी रानेच्या राने तुटत असताना, झाडांना मोकळीक देणारा हा शोध पृथ्वीवरचा उपकारच भासला असेल. पुढे त्याच घराण्यातल्या तिसऱ्या अब्राहमने सेव्हर्न नदीवर १७७९ साली पहिला मोठा लोखंडी पूल उभा केला. १८२५ साली स्टॉक्टन ते डार्लिंग्टन ही वाफेची रेल्वे धावली, तिच्यामागे एडवर्ड पीज हा लोकरीचा क्वेकर व्यापारी आणि त्याच्या पंथबंधूंचा पैसा होता. तिचे मुख्य काम खाणीतला कोळसा बंदरावर पोचवणे हे होते. तिथून अवघ्या २८ वर्षांत ती वाफ बोरीबंदर ते ठाणे हे अंतर कापू लागली, आणि आपणही त्या गोष्टीत शिरलो.

डार्बीने भट्टी पेटवली तेव्हा हवेच्या दर दशलक्ष भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे २८० भाग होता. आज तो ४२०च्या पुढे गेला आहे. या दोन आकड्यांच्या मधे जी माणसे उभी आहेत ती बहुतेक सज्जन होती. मला यातली वेदना सर्वांत खोल वाटते ती इथे. अतिलोभाने जग जळाले असे म्हणणे सोपे आहे, आणि बऱ्याच अंशी ते खरेही आहे. पण आरंभाला साधेपणा होता, मितव्यय होता, खरे वजन आणि खरा भाव होता. कर्म करणाऱ्याचा हेतू शुद्ध असूनही त्याचे फळ त्याच्या नजरेच्या पल्याड, शतकांच्या पल्याड जाऊन विषारी होऊ शकते, हे आपल्या महाभारताला ठाऊक होते. औद्योगिक युगाने ते ज्ञान विस्मृतीत टाकले आणि हवेने त्याची नोंद ठेवली.

नोंद ठेवणारे मात्र त्याच समाजात होते. मँचेस्टरचा जॉन डाल्टन, अणुसिद्धान्तासाठी आपण शाळेत ज्याचे नाव शिकलो तो, १७८७ सालच्या मार्चमध्ये हवामानाची रोजनिशी लिहू लागला आणि ५७ वर्षे लिहीत राहिला. २६ जुलै १८४४ रोजी, कापऱ्या हाताने, त्याने दाब आणि तापमान टिपले आणि आज थोडा पाऊस झाला असे लिहिले. दुसऱ्या पहाटे तो गेला. लंडनचा औषधनिर्माता ल्यूक हॉवर्ड यानेही असेच आयुष्यभर वर पाहिले. १८०२च्या हिवाळ्यात मित्रमंडळींच्या एका लहानशा अभ्यासमंडळात त्याने ढगांचे वर्गीकरण वाचून दाखवले, आणि पुंजमेघ, स्तरमेघ, तंतुमेघ म्हणून आपण आज ज्यांना ओळखतो ते सारे क्षणभंगुर आकार त्या संध्याकाळी प्रथमच नावाने बांधले गेले. गटेसारखा महाकवी त्या नावांनी भारावला. पण मला हॉवर्डचे दुसरे काम अधिक हेलावते. लंडनच्या हवेवरच्या ग्रंथात, वर्षानुवर्षांच्या नोंदी शहरातल्या आणि भोवतालच्या खेड्यातल्या ताडून, त्याने दाखवले की शहराची रात्र खेड्याच्या रात्रीहून सरासरी ३.७ अंश फॅरनहाइटने उबदार असते. आणि कारणांत त्याने घराघरांत जळणारे इंधन धरले. माणूस आपल्या शेगड्यांनी भोवतालची हवा बदलतो, ही गोष्ट बारीक मापून सांगणारा तो पहिला. काळाच्या एकाच पटावर एका क्वेकराची भट्टी जळते आहे आणि दुसरा क्वेकर तिची ऊब तापमापकावर वाचतो आहे, आणि दोघांपैकी कुणालाही आपण एकाच कथेत आहोत हे माहीत नाही.

या समाजातून आकाश पाहणारी इतकी माणसे का निघाली, याचे कारण मला त्यांच्या बाकांवर दिसते. जो दर आठवड्याला तासभर, काहीही घडवून आणण्याची घाई न करता, जे आहे त्याकडे पूर्ण लक्ष देऊन बसतो, त्याला ढगापुढे बसणे कठीण जात नसावे. रिचर्डसनने चुकलेले उत्तर छापले तेही त्याच संस्कारातून. आणि हवामानखाते वायुदलाच्या मंत्रालयाखाली गेले तेव्हा त्याने आपल्या आवडत्या कामाचा राजीनामा दिला. पाहणे आणि नाकारणे या त्याच्यात दोन वेगळ्या वृत्ती नव्हत्या.

नाकारण्याची ती विद्या क्वेकर शिकले गुलामगिरीच्या प्रश्नावर, आणि फार सावकाश शिकले. १६८८ साली पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या ४ माणसांनी गुलामगिरीविरुद्ध पहिले निवेदन लिहिले. वरच्या सभांनी ते फार जड प्रकरण म्हणून पुढे ढकलले. गुलाम बाळगणाऱ्यांना समाजाबाहेर काढण्याचा फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेचा निर्णय झाला १७७६ साली. मधली ८८ वर्षे हा केवळ कालावधी नाही. त्यांत माणसे जन्मली, विकली गेली, मेली. त्या दीर्घ अंधारात दोन माणसे मला दिसतात. एक बेंजामिन ले. उंचीने जेमतेम ४ फूट, पाठीला पोक, गुहेत ग्रंथांच्या सहवासात राहणारा, स्वतः कातलेले नेसणारा, मांस न खाणारा. १७३८ साली बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेत तो झग्याखाली सैनिकी पोशाख आणि तलवार लपवून आला. पुस्तकाची पाने आतून कोरून त्याने रानफळांच्या लाल रसाने भरलेला फुगा बसवला होता. गुलाममालक पंथबंधूंसमोर उभे राहून त्याने तलवार त्या पुस्तकात खुपसली आणि रक्तासारखा रस त्यांच्या अंगावर उडाला. त्याला उचलून बाहेर नेण्यात आले आणि समाजानेही त्याला आपला मानण्याचे नाकारले.

दुसरा जॉन वूलमन, शिंपी, फळबागेचा माळी, आणि स्वभावाने लेच्या अगदी उलट. तरुणपणी कारकुनी करताना मालकाने त्याला एका गुलाम स्त्रीचे विक्रीपत्र लिहायला सांगितले. त्याने ते लिहिले, आणि ती शाई जन्मभर त्याच्या मनातून पुसली गेली नाही. पुढे त्याचे दुकान चांगले चालू लागले, इतके चांगले की वाढता व्याप आत्म्यावर चढतो आहे असे वाटून त्याने ते कमी केले आणि शिंपीकाम तेवढे ठेवले. गुलामांच्या श्रमाची म्हणून साखर सोडली. रंगवलेले कपडे सोडले, कारण रंगाच्या व्यापारामागेही गुलामांचे श्रम होते, शिवाय रंग मळ लपवतो. तो निरंगी, फिकट वस्त्रांत वावरू लागला. १७७२ साली इंग्लंडला जाताना जहाजाच्या कोरीवकाम केलेल्या खोलीत न राहता तळाशी खलाशांसोबत राहिला, आणि तिथे उतरल्यावर, डाकगाड्यांचे घोडे आणि पोरे वेगासाठी छळली जातात म्हणून, सारे अंतर पायी चालला. यॉर्कला पोचून देवीच्या रोगाने मरण पावला. आज विमानप्रवास सोडणाऱ्या, घराचा बॉयलर काढणाऱ्या क्वेकरांना तो पूर्वज वाटतो यात नवल नाही. एका वस्तूमागचा अदृश्य श्रम, अदृश्य धूर, अदृश्य वेदना यांचा माग काढत जाणे, आणि माग जिथे पोचेल तिथे स्वतःचे आचरण बदलणे, ही अपरिग्रहाची साधना त्याने केली. त्याने कुणालाही शाप दिला नाही. तो गुलाममालकांच्या घरी जाई, त्यांच्या मेजावर हळू आवाजात आपली अस्वस्थता सांगे, आणि निघताना त्या घरातल्या गुलामांनी केलेल्या सेवेचे पैसे देई.

वूलमनचा मार्ग सभेला वळवतो आणि लेचा मार्ग सभेला जागे करतो. इतिहास पहिल्याला अधिक प्रेमाने आठवतो. दुसऱ्यावाचून पहिला पुरला असता, असे मला वाटत नाही.

२०११ साली कँटरबरी येथे भरलेल्या ब्रिटनच्या वार्षिक सभेने आपला समाज कमीत कमी कार्बन उत्सर्जित करणारा, टिकाऊ समाज बनवण्याची बांधिलकी स्वीकारली. दोन वर्षांनी जीवाश्म इंधनांतली आपली गुंतवणूक काढून घेण्याचे जाहीर करणारा ब्रिटनमधला तो पहिला ख्रिस्ती समाज ठरला. डार्बी आणि पीज यांच्या वंशजांनी कोळशातून हात काढून घेणे, याला मी प्रायश्चित्त म्हणेन, जरी त्यांनी तो शब्द वापरला नसेल. त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे फिलाडेल्फियात काही क्वेकर आणि त्यांचे सोबती ॲपलाचियाच्या डोंगरांसाठी उभे राहिले होते. तिथे कोळशाचा थर काढायला डोंगराचे माथेच सुरुंगांनी उडवून देतात आणि मलब्याने दऱ्या भरतात. हे करणाऱ्या कंपन्यांना कर्ज देणाऱ्या पीएनसी या मोठ्या बँकेत, १८६५ साली क्वेकरांनी स्थापलेली प्रॉव्हिडंट ही जुनी पेढी विलीन झालेली होती. ही माणसे त्या बँकेच्या शाखांत शिरत, फरशीवर वर्तुळ करून बसत आणि उपासनेचे मौन धरत. २०१२ साली, सत्तरी ओलांडलेला जॉर्ज लेकी आणि त्याचे सोबती २०० मैल चालत पिट्सबर्गला, बँकेच्या मुख्यालयी गेले. २०१५च्या मार्चमध्ये बँकेने त्या कर्जांतून माघार जाहीर केली. एका खजिनदाराच्या टेबलासमोर पन्नास माणसे गप्प बसलेली असताना त्या खोलीत काय घडत असेल, याचा मी बराच विचार केला आहे. घोषणेला प्रतिघोषणा करता येते, युक्तिवादाला युक्तिवादाने तोंड देता येते. मौन मात्र समोरच्याला त्याच्या स्वतःच्या आवाजापाशी एकटे सोडते.

लँकाशायरमध्ये, जिथे पेंडल टेकडी आहे त्याच परगण्यात, प्रेस्टन न्यू रोड येथे जमिनीखालचा वायू फ्रॅकिंगने काढायचे काम सुरू झाले तेव्हाही फाटकाबाहेर, ट्रकच्या धुळीत, क्वेकर असेच बसत. पण सर्वांत शांत काम चालते जिनिव्हात. संयुक्त राष्ट्रांशी संबंध ठेवणारे क्वेकरांचे एक लहानसे कार्यालय तिथे आहे. वाटाघाटींत एकमेकांकडे पाहायला तयार नसलेल्या देशांच्या प्रतिनिधींना ते घरी जेवायला बोलावते. पत्रकार नाहीत, टिपणे नाहीत, कुणाचे बोलणे कुणाच्या नावावर बाहेर जात नाही. बुडत्या बेटाचा माणूस आणि तेलसंपन्न देशाचा माणूस एकाच सुपाच्या भांड्यातून वाढून घेतात आणि क्षणभर आपल्या सूचनापत्रांखेरीज बोलतात. अशा भोजनांचा परिणाम मोजता येत नाही आणि तो मोजावा अशी त्या यजमानांची अपेक्षाही नाही.

सावकाशीचा हा मोठेपणा मला मान्य आहे, आणि तरीही त्यापाशी माझे मन अडखळते. वातावरण कुणाच्या विवेकाची परिपक्वता पाहत थांबत नाही. गुलामगिरीच्या प्रश्नावर ८८ वर्षे लागली. तेवढी वर्षे आज मागितली तर ऐकायला बर्फ उरणार नाही. एलीझ बोल्डिंग या क्वेकर समाजशास्त्रज्ञ स्त्रीने वर्तमानाची एक वेगळी व्याप्ती सुचवली होती. आज जिवंत असलेल्या सर्वांत वृद्ध माणसाच्या जन्मापासून आज जन्मलेल्या बाळाच्या अंतापर्यंतचा, सुमारे २०० वर्षांचा पट्टा हाच आपला वर्तमान समजावा, कारण त्या साऱ्या काळाला आपले हात प्रत्यक्ष लागलेले असतात. ही कल्पना मनात धरून बसले की घाई आणि सावकाशी या दोहोंचा अर्थ बदलतो. ८८ वर्षे मग एका वर्तमानाचा लहान भाग होतात. आणि उद्या बुडणारे गावही त्याच वर्तमानात, आपल्या समोर, आताच उभे असते.

नव्या पिढीची घाई त्या सभागृहांत शिरली आहेच. मार्च २०२५मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर सभागृहात हवामान आणि गाझा या प्रश्नांवर आंदोलन करू पाहणाऱ्या काही तरुण मंडळींची बैठक चालू होती. २०हून अधिक पोलीस दार फोडून आत आले आणि त्यांनी ६ तरुणींना अटक केली. क्वेकर सभागृहात अशी अटक कुणाच्या आठवणीत झालेली नव्हती. मला त्या क्षणी ले आठवला. पंथाने २०१८ साली, त्याच्या मरणानंतर अडीच शतकांनी, त्याला पुन्हा आपल्यातला मानले.

आपल्याकडे या परंपरेचा एक धागा मुंबईतून गेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस लॉरी बेकर हा तरुण इंग्रज क्वेकर वास्तुविशारद, चीनमध्ये कुष्ठरुग्णांची सेवा करून परतताना, जहाजाची वाट पाहत मुंबईत अडकला. तिथे त्याची गांधींशी भेट झाली. कापडाच्या तुकड्यांपासून केलेले त्याचे बूट पाहून गांधी कुतूहलाने बोलू लागले, आणि घर हे पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामग्रीतून बांधावे हा त्यांचा विचार बेकरने पुढे केरळात जन्मभर विटांत उतरवला. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी रचायची, आत पोकळी सोडायची. सुमारे चौथा हिस्सा विटा वाचतात, तेवढे भट्टीचे जळण वाचते, आणि त्या पोकळीतली स्तब्ध हवा घर थंड ठेवते. हवामानाचा शब्द सर्वतोमुखी होण्याच्या कितीतरी आधी एका मौनप्रिय माणसाने भिंतीच्या आत थोडी शांतता ठेवली. सेवाग्रामला नयी तालीमच्या कामात रमलेल्या मार्जोरी साइक्सही क्वेकर होत्या. आणि विनोबांनी सर्व सेवा संघात बहुमत टाकून सर्वसंमतीची रीत धरली, तिचे त्या चौकोनी बाकांशी असलेले सख्य कुणालाही दिसेल.

सर्वसंमतीची रीत जगाच्या सर्वांत मोठ्या सभेतही आहे, ती मात्र श्रद्धेने आलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदांना मतदानाचा नियम आजवर मंजूर करता आला नाही, म्हणून तिथले सारे ठराव सर्वसंमतीने होतात. बाह्य रूप क्वेकर सभेचे. आतले मौन तेवढे नाही. तिथे प्रत्येक जण ऐकतो तो आपले काही जात तर नाही ना हे पाहण्यासाठी, आणि म्हणून जीवाश्म इंधनांपासून दूर जायचे हे एवढे वाक्य कागदावर यायला २०२३ची दुबई परिषद, अठ्ठाविसावी, उजाडावी लागली. रीत तीच असून एकीकडे सत्याला वाट मिळते आणि दुसरीकडे सत्य सर्वांत कमी धारिष्ट्याच्या पातळीवर उतरते. फरक पडतो तो, सभेत बसलेला माणूस बदलायला तयार होऊन आला आहे की नाही याने.

आज जगातले सर्वाधिक क्वेकर इंग्लंडात नाहीत, ते केनियात आहेत, मक्याच्या शेतांवर पावसाची वाट पाहणारे. २०१२ साली नाकुरूजवळ काबाराक येथे जगभरचे क्वेकर जमले आणि त्यांनी शांती आणि पर्यावरणीय न्याय यांची एकत्र हाक दिली, तेव्हा त्या हाकेत हा नवा स्वर होता. आणि मोठ्या संख्येने क्वेकर आहेत ते बोलिव्हियाच्या पठारावर, आयमारा लोकांत, ला पाझच्या वरच्या उंच वस्त्यांत. त्यांच्या डोक्यावरची चाकालताया ही हिमनदी २००९ साली पुरती संपली. पुढच्याच वर्षी मेक्सिकोतल्या कँकून परिषदेत मध्यरात्रीनंतर ठराव मांडला गेला तेव्हा एकटा बोलिव्हिया उठला आणि हा करार पृथ्वीला तापण्यापासून वाचवणार नाही, आमची संमती नाही, असे म्हणाला. अध्यक्षांनी सांगितले की सर्वसंमती म्हणजे एका देशाला नकाराधिकार नव्हे, आणि हातोडा आपटला. सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत माझ्या ओळखीची, माझ्या आदराची माणसे होती आणि त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. आदल्या वर्षीच्या कोपनहेगन परिषदेच्या अपयशानंतर काहीतरी हाती लागणे अत्यंत गरजेचे होते. पण क्वेकर कार्यवाहाने त्या रात्री लेखणी खाली ठेवली असती. त्याने त्या एका माणसाला पुन्हा बोलायला सांगितले असते, आणि मग साऱ्या सभेला, कितीही रात्र झालेली असो, गप्प बसायला.